पुरस्कार मिळाला, पण नोकरी गेली त्याचं काय?

मागच्या अंकात नोबेल कसं ठरतं यावर लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आणि मेसेज आले त्यातल्या बऱ्याच जणांचा सूर एकच, की शोध लावला म्हणून बक्षीस देतात ते ठीक आहे हो ताई, पण खरं बोलल्याबद्दल शास्त्रज्ञाला कोणी काही देतं का? म्हणून यावेळी तेवढेच प्रश्न घेतलेत. लांबलचक पत्रं थोडी कापलीत, राग मानू नका.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला एथिक्सचा एक पेपर असतो, सगळे आदल्या रात्री नोट्स वाचून पास होतात. त्यात एका ओळीत दिलंय की चॅलेंजर यानाच्या अपघाताआधी धोका सांगणाऱ्या रॉजर बोजोले यांना पुरस्कार मिळाला. असे पुरस्कार खरंच असतात? (विद्यार्थिनी, सांगली)

असतात गं, आणि बोजोलेंची गोष्ट एका ओळीत उरकण्यासारखी अजिबात नाही. हा माणूस अमेरिकेत युटा राज्यात मॉर्टन थायोकॉल कंपनीत इंजिनिअर होता. नासाच्या स्पेस शटलला दोन बाजूंना जे उंच बूस्टर लावलेले दिसतात ना, ते ही कंपनी बनवायची. बूस्टर तुकड्यांत बनायचा आणि जोडाच्या जागी रबराच्या दोन गोल रिंगा असायच्या, ओ-रिंग म्हणतात त्यांना, आतला तापलेला गॅस फटीतून बाहेर येऊ नये म्हणून. जानेवारी १९८५ मध्ये कडाक्याच्या थंडीत एक उड्डाण झालं, नंतर समुद्रातून परत आणलेले बूस्टर उघडून बघितले तर दोन रिंगांच्या मधे काळीकुट्ट काजळी. म्हणजे पहिली रिंग गॅस अडवू शकली नव्हती, दुसरीने कसंबसं निभावलं. थंडीत रबर कडक होतं, पटकन मूळ आकारात येऊन फट बुजवत नाही, एवढं साधं कारण. बोजोलेंनी ३१ जुलै १९८५ ला वरिष्ठांना मेमो लिहिला, त्यात आडपडदा नाही, हे आत्ता दुरुस्त केलं नाही तर माणसं जातील असं सरळ लिहिलंय. मग कंपनीने एक टीम नेमली, आणि त्या टीमला ना धड माणसं मिळाली ना सामान. हे तर आपल्याकडच्या कुठल्याही ऑफिसात बसलेल्या माणसाला ओळखीचं वाटेल.

२७ जानेवारी १९८६ ची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी सकाळी चॅलेंजर उडणार होतं आणि फ्लोरिडात रात्री पाणी गोठेल इतकी थंडी पडणार असा अंदाज आला. युटाचे इंजिनिअर आणि नासाचे अधिकारी कॉन्फरन्स कॉलवर बसले. इंजिनिअर म्हणाले, ५३ फॅरनहाइटच्या खाली, म्हणजे साधारण १२ सेल्सिअसच्या खाली उडवू नका, त्याखाली आपण कधी उडवलेलंच नाही. नासाचा एक अधिकारी वैतागून म्हणाला की मग काय एप्रिलपर्यंत थांबू का? कंपनीने थोडा वेळ मागून घेतला आणि लाइन म्यूट केली. त्या अर्ध्या तासात बोजोले आणि त्यांचे सहकारी आर्नी थॉम्पसन टेबलापाशी जाऊन फोटो समोर ठेवून, आकृत्या काढून समजावत होते, समोरचे बघायलाही तयार नव्हते. शेवटी एका मोठ्या साहेबाने इंजिनिअरिंगच्या उपाध्यक्षाला सांगितलं की आता इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. त्याने घातली. चार मॅनेजरांनी मिळून हो म्हटलं, ज्यांना रबर कळत होतं त्यांना परत विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान हवेत फुटलं, सात जण गेले, त्यात क्रिस्टा मॅकॉलिफ ही शाळेतली शिक्षिका होती म्हणून देशभरच्या वर्गावर्गात मुलं टीव्ही लावून बसली होती.

चौकशी आयोगापुढे बोजोलेंनी सगळे कागद मांडले. मग कंपनीत त्यांना बाजूला बसवलं, गावातली माणसं तोंड फिरवायला लागली कारण अर्ध्या गावाचं पोट त्याच कंपनीवर, तब्येत ढासळली, नोकरी सुटली. आणि १९८८ मध्ये अमेरिकन असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ सायन्स या मोठ्या संघटनेने त्यांना वैज्ञानिक स्वातंत्र्य आणि जबाबदारीचा पुरस्कार दिला. हा पुरस्कार १९८० पासून आहे. पुढे बोजोले कॉलेजाकॉलेजात जाऊन हीच गोष्ट सांगत राहिले, २०१२ मध्ये गेले. चौकशी आयोगाचा अहवाल नेटवर फुकट आहे, नोट्स बाजूला ठेव आणि त्या रात्रीच्या फोनचा भाग तेवढा वाच.

प्रश्न : सात जीव गेल्यावर दोन वर्षांनी सत्कार. हे वरातीमागून घोडं नाही का? (निवृत्त बँक कर्मचारी, अकोला)

आहेच काका. घोडं वरातीमागूनच आलं. माझं तर म्हणणं आहे की या सगळ्या पुरस्कारांकडे बघताना आधी तारीख बघायची, मग नाव. भांडण चालू असताना दिला तर त्या माणसाच्या पाठीशी कोणीतरी उभं राहतं, सगळं संपल्यावर दिला तर तो देणाऱ्याच्या भिंतीवरच्या फोटोसाठी.

बोजोलेंच्याच कंपनीतले ॲलन मॅकडोनाल्ड बघा. उड्डाणाच्या परवानगीवर त्यांनी सही करायला नकार दिला होता, आणि आयोगापुढे न विचारता उभं राहून सांगितलं की आम्ही नको म्हटलं होतं. कंपनीने त्यांना खालच्या जागेवर ढकललं. पण त्यांच्या बाबतीत अमेरिकन संसदेतले लोक तेव्हाच ओरडले, या लोकांना त्रास दिलात तर नासाची कामं बंद होतील अशी तंबी दिली, आणि कंपनीने त्याच मॅकडोनाल्डना बूस्टरचा जोड नव्याने डिझाइन करायच्या कामाचा प्रमुख केलं. पुरस्काराने नाही वाचवलं त्यांना, वेळेवर आलेल्या दट्ट्याने वाचवलं.

त्याआधीचं एक प्रकरण, सॅन फ्रान्सिस्कोची बार्ट नावाची लोकल-मेट्रो. तीन इंजिनिअर म्हणत होते की गाडी आपोआप चालवणारी यंत्रणा भरवशाची नाही. मार्च १९७२ मध्ये तिघांना काढून टाकलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रीमॉन्ट स्टेशनवर गाडी थांबलीच नाही, प्लॅटफॉर्म संपला तरी पुढे जाऊन वाळूच्या ढिगाऱ्यात घुसली. तिघांनी कोर्टात दावा लावला तेव्हा आयईईई ही इंजिनिअरांची संघटना त्यांच्या बाजूने कोर्टात म्हणणं मांडायला गेली, आणि १९७८ मध्ये लोकहितासाठीचा आपला पहिला पुरस्कारही त्यांनाच दिला. आता आपल्या कॉलेजात आयईईईचा स्टुडंट चॅप्टर म्हणजे टी-शर्ट आणि सर्टिफिकेट, पण संघटनेने कोर्टात जाऊन उभं राहणं ही त्या ट्रॉफीपेक्षा मोठी गोष्ट होती असं मला वाटतं.

आणि काका, घोडं वेळेवर आलेलं एक उदाहरण आहे हं. फ्रान्सिस केल्सी. १९६० मध्ये ही बाई अमेरिकेच्या औषध खात्यात, एफडीएमध्ये, नव्यानेच लागलेली, आणि तिच्या टेबलावर पहिल्याच काही फायलींत थॅलिडोमाइडची फाइल आली. झोपेची गोळी, युरोपात धडाधड खपत होती, गरोदर बायकांना मळमळीवरही देत होते. नवीन आहे, सोपी फाइल देऊया असा हिशोब. नियम असा की ६० दिवसांत आक्षेप आला नाही तर परवानगी मिळालीच समजायची. केल्सीबाईंनी दर वेळी मुदत संपायच्या आत त्रुटी काढून फाइल परत पाठवली. हा अभ्यास अपुरा, तो तक्ता नीट नाही, मग ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये गोळी घेणाऱ्यांच्या हातापायाला मुंग्या येतात असं पत्र छापून आलं तर म्हणाल्या, याचं काय ते सांगा, आणि पोटातल्या बाळावर काय होतं तेही सांगा. कंपनीची माणसं फोन करून, भेटून, वर तक्रारी करून थकली. नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मनीत गोळी बाजारातून काढली, तोवर जगात दहा हजारांवर बाळं हातपाय अर्धवट घेऊन जन्मली होती, अमेरिकेत मात्र डॉक्टरांना 'ट्रायल'च्या नावाखाली वाटलेल्या गोळ्यांमुळे झालेली मोजकीच. ऑगस्ट १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी व्हाइट हाउसमध्ये बोलावून बाईंना पदक दिलं आणि ऑक्टोबरमध्ये औषधांचा कायदाच कडक झाला. बाईंची नोकरी गेली नाही, उलट नव्वदीपर्यंत तिथेच काम केलं. फरक बघा, त्यांचे वरचे साहेब त्यांच्या पाठीशी होते. एरवी आपण फाइल अडवणाऱ्या बाईला शिव्या घालतो, आणि बहुतेक वेळा बरोबरच घालतो!

प्रश्न : मी एमआयडीसीत एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायच्या कामाला आहे. रिपोर्ट बॅकडेट करायला सांगतात, एचपीएलसीचा (औषधात काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्राचा) रन फेल गेला तर परत लावून चांगला तेवढाच ठेवतात. पुरस्कार नको, पण करायचं काय? (नाव गाव नको)

नाव गाव छापत नाही, आणि तुम्ही ज्या पत्त्यावरून मेल केलात तो ऑफिसचा आहे, पुन्हा तिथून कोणालाच असलं काही लिहू नका.

दिनेश ठाकूर यांचं प्रकरण वाचा. रॅनबॅक्सी या भारतीय औषध कंपनीत होते, २००४ मध्ये साहेबांनीच सांगितलं की आपल्या अर्जांमधला डेटा खरा आहे का तपास, त्यांनी तपासला, जे निघालं ते बघून २००५ मध्ये राजीनामा दिला आणि खोट्या नावाने अमेरिकेच्या एफडीएला लिहायला सुरुवात केली. मे २०१३ मध्ये कंपनीच्या अमेरिकन शाखेने गुन्हा कबूल केला, एकूण ५० कोटी डॉलर भरले, आणि तिथल्या कायद्याप्रमाणे ठाकूरांना त्यातले साधारण ४.८ कोटी मिळाले. २०१४ मध्ये कॅलावे नावाचा नागरी धैर्याचा पुरस्कारही मिळाला. पण मधली आठ वर्षं घरात काय चाललं असेल याचा विचार करा, आणि ते पैसे अमेरिकन कायद्यामुळे मिळाले हेही लक्षात ठेवा. आपल्याकडे व्हिसलब्लोअर कायदा, म्हणजे आतला गैरप्रकार उघड करणाऱ्याला संरक्षण देणारा, २०१४ मध्ये संसदेत पास झाला, राष्ट्रपतींची सही झाली आणि मग वर्षानुवर्षं लागूच केला नाही, शिवाय तो सरकारी माणसांच्या भ्रष्टाचारापुरता आहे. तुमची कंपनी शेअर बाजारात लिस्टेड असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्याने व्हिजिल मेकॅनिझम, म्हणजे गैरप्रकाराची तक्रार करायची सोय, ठेवणं बंधनकारक आहे, तो कागद आधी शोधा. जे स्वतः पाहिलं तेच लिहा, बॅच नंबर, तारीख, वेळ, कोणी काय सांगितलं, ऐकीव काही घालू नका. कंपनीच्या फाइली पेनड्राइव्हवर घरी नेण्याआधी वकिलाला विचारा, चोरीचा उलटा गुन्हा लावतात. आणि घरच्यांना सांगा हो, एकट्याने पोटात ठेवू नका.

प्रश्न : असले पुरस्कार दिले तर उद्या प्रत्येक विरोधी सूर लावणारा म्हणेल की मी सत्य बोललो म्हणून मला दाबलं. लसविरोधी लोक तेच तर म्हणतात. (डॉक्टर, नागपूर)

डॉक्टर, प्रश्न एकदम रास्त. अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरने १९९८ मध्ये एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची) लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा पेपर छापला, २०१० मध्ये तो मागे घेतला गेला, ब्रिटनमध्ये त्याचं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशनही गेलं, आणि आजही त्याचे चाहते त्याला हुतात्मा समजतात. म्हणजे त्रास झाला हा काही खरेपणाचा पुरावा नाही. आधी पुरावा, मग धैर्य, हा क्रम उलटा झाला की घोळ.

जॉन मॅडॉक्स प्राइझ याच कारणाने मला आवडतं. नेचर नियतकालिकाच्या जुन्या संपादकांच्या नावाने २०१२ पासून देतात, आणि दबावाखाली पुराव्याची बाजू धरली का हे बघतात. २०१३ चं डेव्हिड नट यांना मिळालं. ते ब्रिटिश सरकारच्या अमली पदार्थ सल्लागार समितीचे अध्यक्ष होते, दारू आणि तंबाखू या एलएसडी, गांजापेक्षा जास्त नुकसान करतात असं आकड्यांनिशी बोलले आणि २००९ मध्ये मंत्र्यांनी घरी पाठवलं. २०१७ चं रिको मुरानाका या जपानी डॉक्टर-पत्रकाराला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस, जपान सरकारने घाबरून जून २०१३ मध्ये तिची शिफारस थांबवली आणि जिथे सत्तर टक्के मुली लस घेत होत्या तिथे एक टक्काही उरल्या नाहीत. ही बाई तेव्हा लसीच्या बाजूने लिहीत होती. एका संशोधकाने तिच्यावर बदनामीचा दावा लावला आणि २०१९ मध्ये टोकियोच्या कोर्टात ती हरली, तेही सांगायला हवं. पण लसीची शिफारस २०२२ मध्ये परत सुरू झाली. पुरस्कार मधेच मिळालेला, खटला चालू, सरकार अडून बसलेलं, म्हणून याला मी वेळेवरचा म्हणते.

प्रश्न : अणुबॉम्ब बनवणाऱ्यांत कोणीच नाही म्हटलं नाही का? (इयत्ता नववी, चिपळूण)

म्हटलं रे बाळा. जोसेफ रोटब्लॅट, पोलंडचे. हिटलरच्या आधी आपल्याकडे बॉम्ब हवा म्हणून कामाला लागले, १९४४ च्या शेवटी कळलं की जर्मनीचं बॉम्बचं काम पुढे गेलेलंच नाही, मग म्हणाले मी कशाला करू, आणि लॉस अलामॉस, म्हणजे अमेरिकेत बॉम्ब बनत होता ती जागा, सोडून निघाले. हेर असल्याचा संशय घेतला लोकांनी. पुढे १९५७ मध्ये कॅनडातल्या पगवॉश गावात अमेरिका आणि रशिया अशा दोन्ही बाजूंच्या शास्त्रज्ञांना एकत्र बसवलं, आणि १९९५ चं शांततेचं नोबेल त्यांना आणि पगवॉश परिषदेला मिळालं. सोडून गेल्यावर एक्कावन्न वर्षांनी, आता तूच ठरव लवकर की उशिरा. आपले स्वामिनाथन, हरितक्रांतीवाले, तेही या पगवॉशचे अध्यक्ष होते, २००२ ते २००७.

प्रश्न : सगळी उदाहरणं परदेशातलीच का? आपल्याकडे कोणी बोलतच नाही की बोलणाऱ्याला कोणी विचारत नाही? (प्राध्यापक, कोल्हापूर)

बोलतात हो सर. सत्येंद्र दुबे, आयआयटी कानपूरचे, महामार्गाच्या कामावर इंजिनिअर. कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला लिहून कळवला आणि नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली, पत्र नावासकट खात्याखात्यांत फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा खून झाला. तपासात लुटीचं कारण पुढे आलं, ते कितीजणांना पटलं हा वेगळा विषय. आता आयआयटी कानपूर त्यांच्या नावाने सचोटीचा पुरस्कार देते. त्यांच्यामागे २००४ मध्ये तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवायचा सरकारी ठराव आला, माझ्या मते ट्रॉफीपेक्षा तो मोठा.

आणि आपले माधव गाडगीळ. पश्चिम घाटाच्या समितीचा अहवाल त्यांनी ऑगस्ट २०११ मध्ये दिला, केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने तो दाबून ठेवला, माहिती अधिकार आणि कोर्ट असं सगळं झाल्यावर मे २०१२ मध्ये लोकांना वाचायला मिळाला. त्यात लोटे-परशुरामच्या केमिकल वसाहतीबद्दल वाचा, कोकणातल्यांनी तर नक्कीच. प्रदूषणाविरुद्ध शांतपणे बोलणाऱ्यांना गप्प करायला जमावबंदी कशी वापरली हे लिहिलंय, रत्नागिरी जिल्ह्यात ऑगस्ट २००७ ते ऑक्टोबर २००९ मध्ये १९१ दिवस जमावबंदी! पर्यावरणाच्या अहवालात कोणी पोलिसांचे आदेश मोजत बसतं का? या माणसाने मोजले. २०१५ मध्ये अमेरिकेतलं पर्यावरणासाठीचं टायलर प्राइझ मिळालं, पेपरात फोटो आले, अभिनंदनाचे फलकही लागले असतील, आणि अहवाल होता तिथेच राहिला. त्यावर दुसरी समिती नेमून घाटाचा संरक्षित भाग कमी करून घेतला तो वेगळाच. बोलणाऱ्याला विचारत नाहीत असं नाही सर, हार घालतात आणि कागद बाजूला ठेवतात.

प्रश्न : पुरस्कार देणारेच धुतल्या तांदळासारखे असतात का? (गृहिणी, ठाणे)

नाही हो. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबने २०१७ मध्ये चक्क आज्ञाभंगाचा पुरस्कार काढला, अडीच लाख डॉलर. दिला मात्र योग्य माणसांना, अमेरिकेतल्याच फ्लिंट शहराच्या विषारी पाण्याचं प्रकरण उघडं पाडणारे इंजिनिअर मार्क एडवर्ड्स आणि बालरोगतज्ज्ञ मोना हाना-अटीशा यांना. २०१४ मध्ये खर्च वाचवायला शहराने नदीचं पाणी घेतलं, पाइप गंजू नये म्हणून घालायचं केमिकल घातलं नाही, शिसं उतरून नळाला आलं. जनरल मोटर्सच्या कारखान्याने सुटे भाग गंजतात म्हणून ते पाणी घेणं ऑक्टोबर २०१४ मध्येच बंद केलं, लहान पोरं मात्र आणखी वर्षभर पीत राहिली. डॉक्टरबाईंनी हॉस्पिटलच्या नोंदी काढून पोरांच्या रक्तातलं शिसं वाढलेलं दाखवलं तर सरकारी लोक म्हणाले बाई घबराट पसरवतेय, आणि थोड्याच दिवसांत त्यांना कबूल करावं लागलं.

तर ही लॅब. २०१९ मध्ये बाहेर आलं की तिने जेफ्री एपस्टीन या लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्या धनाढ्य माणसाकडून देणग्या घेतल्या होत्या आणि त्याचं नाव कागदावर दिसू नये अशी काळजीही घेतली होती. आतल्याच एका माजी कर्मचारी बाईने पत्रकाराला ईमेलसकट सांगितलं, बातमी छापून आली आणि दुसऱ्या दिवशी संचालकांनी राजीनामा दिला.

पुढच्या अंकात पाण्यावरचेच प्रश्न घेतेय, घरातलं प्युरिफायर, टँकर, बोअरवेल, काहीही विचारा, फक्त फोटो पाठवताना बिलावरचा पत्ता झाका.